ओटा एक की दोन?

अहो, ऐकलंत का? या ना जरा इकडे. तारेला टेकू नका मात्र, गंजली आहे. काल आजींच्या घरी मिस्त्री आला होता, सब्बल घेऊन! मी आपली वाळवणावरच्या चिमण्या हाकलत इथेच उभी. मला काही ऐकायचं नव्हतं हो, पण आजींच्या थोरल्या मुलाचा, आपल्या भाऊजींचा आवाज तुम्हाला ठाऊकच आहे. नदीच्या पुलापलीकडे भंडाऱ्यात जाईल.

तर थोरल्यांचं म्हणणं, आहे तेच घर नवं करू. कवेलू उतरवा, वर स्लॅब टाका, खाली टाइल्स. जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झालेत, पैसा हातात खुळखुळतोय. वरून पोरगा नागपूरहून मोबाइलवर चित्रं पाठवतो. 'ओपन किचन' म्हणे. आजींनी विचारलं, "ओपन म्हंजे दारच नाही? मंग मांजर?" त्यावर कोणाला उत्तर सुचलं नाही बाई.

आणि धाकट्या सुनेचं म्हणणं, जुन्याला हातच लावू नका. मागं सांदवाडीत दोन खोल्या काढा. बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मी तेव्हाच मनात म्हटलं, हे काही नुसत्या खोल्यांचं प्रकरण दिसत नाही...

तर काय सांगत होते, मिस्त्री. तो आधी काही बोललाच नाही. ओसरीच्या भिंतीला पायथ्याशी सब्बल टोचली, ती भसकन आत! माती हातावर घेतली, चुरली, म्हणाला, "लोना लागला जी. पुराचं पानी पेली हाय ही भित." अहो, 2020 चा पूर! ऑगस्टच्या शेवटी तिकडे मध्य प्रदेशात संजय सरोवर धरणाचं पाणी सोडलं, आणि इकडे आपण नेसत्या साडीनिशी... जाऊ द्या. पुलापाशी पाणी किती वर टेकलं की धोका, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ. त्या पाण्याची रेघ आजींनी अजून पुसू दिलेली नाही. दर दिवाळीला चुना रेघेच्या वर आणि रेघेच्या खाली. पाहुणे विचारतात, ही कसली हो डिझाइन?

मयालीवर मात्र त्यानं थाप मारली, तर खणखणीत. "सागवान हाय. नातवाले पुरन." झालं, थोरले फुलले. म्हणाले, मग टाक स्लॅब! मिस्त्री चक्क हसला हो. म्हणाला, दहा बाय दहाच्या खोलीवर पाच इंची स्लॅब म्हणजे तीन टनांच्या घरात वजन. ते मातीच्या भिंतींनी कसं पेलायचं? कॉलम उभारावे लागतील, आणि कॉलमचे खड्डे भिंतीलगत खणले की भिंतच खड्ड्यात. "साहेब, हे रिनोवेशन नाही जी, पाडकाम हाय." थोरल्या वैनींनी बशी तोंडाला लावलेली, ती तशीच खाली आली. अर्धा चहा पदरावर.

धाकटी मनातून हसली असेल, पण तिलाही सोडलं नाही त्यानं. आपली काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. नवी खोली जुन्या भिंतीला चिकटवली तर सांध्यात भेग येणारच. म्हणून इंचभर फट ठेवायची, वरून पत्रा टाकायचा. त्यात जुन्या कवेलूंचा उतार मागच्याच अंगाला, म्हणजे सगळ्या छपराचं पाणी नव्या भिंतीवर. तिथं चांगली रुंद पन्हाळ हवी. आणि नवं जोतं पुराच्या रेघेच्या वर घ्यायचं, म्हणजे जुन्या घरातून नव्यात जायला चार पायऱ्या. आजींचे गुडघे बघता ना तुम्ही?

तेवढ्यात कोपऱ्यावरचे गुरुजी टपकले. कुणी बोलावलं होतं देव जाणे. सांगतात काय, सेवाग्रामची बापूकुटी मुळात मीराबेनसाठी होती, बापू राहायला आले तेव्हा तीच वाढवली, मातीचीच. थोरल्या वैनी म्हणाल्या, "गुरुजी, बापूंना दोन सुना नव्हत्या का एका घरात?" सुना होत्या की हो, चार मुलगे म्हणजे! पण गुरुजी जे खाली बसले ते उठेपर्यंत बोलले नाहीत.

आता खरी गंमत ऐका. थोरले म्हणाले, बरं, खोल्या काढा, पण पैसा कुठून? तर धाकटे भाऊजी भिंतीकडे बघत पुटपुटले, "घरकुलात नाव लागलं आहे." एक लाख वीस हजार, हप्त्या-हप्त्यानं. पंचवीस चौरस मीटर तरी बांधायचं, काम पुढं सरकलं की फोटो. थोरल्यांनी आधी "वा!" म्हटलं. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. सरकारी नोकरीतला माणूस कुटुंबात असताना नाव लागलंच कसं? "म्हणजे... रेशनकार्ड?"

वेगळं केलं होतं हो! कधीचंच. आणि कोणालाच सांगितलेलं नव्हतं. म्हणजे बघा, स्लॅब टाकून पक्कं घर केलं असतं तर धाकट्याचं घरकुलही गेलं असतं, म्हणून आधीपासूनच "जुन्याला हात लावू नका". थोरल्यांचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं. हो, वाटलं जरा.

आणि अशात तो मिस्त्री, सरळ माणूस बिचारा, वहीवर पेन टेकवून विचारतो, "ओटा एक का दोन?"

कुणी हूं नाही की चूं नाही. मी इथं श्वास धरून. वाळवणावर चिमण्या आल्या, तरी हात हलेना माझा.

शेवटी आजी बोलल्या. "ओटे दोन कर का चार कर. मले इतकंच सांगा, सकारचा चाय कोन्या घरून येइल?"

"आमच्याकडून!" दोघी सुना एकदमच म्हणाल्या. मग एकमेकींकडे बघितलं, आणि धाकटीला हुंदका फुटला की हसू, ते काही मला इथून नीट दिसलं नाही. शेवग्याची फांदी आडवी आली.

ठरलं मग. पुढच्या घराचे कवेलू पावसाआधी फेरायचे, फुटके बदलायचे. माकडांनी कहर केलाय यंदा. मागं दोन खोल्या, मध्ये इंचभर फट. पायऱ्या चार नाही, उताराचा रस्ता, थोरल्यांच्या पैशानं. हे त्यांनी स्वतःहून म्हटलं बरं का, कुणी न विचारता.

फक्की पण टाकून गेला मिस्त्री. ही बघा रेघ, इथं, कुंपणापासून दीड हातावर. म्हणजे शेवगा गेलाच समजा. आणि भिंत उभी राहिली की मग आपण दोघी बोलायचं कुठं, सांगा बरं? मी तर म्हणते तुम्हीच एकदा आजींच्या कानावर घाला, माझं बाई बरं दिसत नाही...

अगं बाई, उठल्या वाटतं त्या. हो जी, आजी! काही नाही, विरजण मागत होते यांना. तुमच्याकडं आहे का वाटीभर?