वाजवी गृहस्थ

हे गृहस्थ कधी कुणाला 'नाही' म्हणत नाहीत. दक्षिण फ्रान्समधल्या सोफिया अँटिपोलिसला एत्सी या युरोपीय दूरसंचार मानक संस्थेचं कार्यालय आहे. मोबाइलची मानकं ठरतात त्या तिथल्या बैठकांना ते नेमाने जातात. कॉफीच्या वेळी सगळ्यांच्या मुलाबाळांची चौकशी करतात आणि मसुदा समोर आला की हळूच सुचवतात, "इथे आमची पद्धत घातली तर बरं पडेल." त्या पद्धतीचं पेटंट अर्थातच त्यांच्या कंपनीचं. ती मानकात एकदा शिरली, की तिला टाळून फोन बनवायची सोय उरत नाही. मग ते लिहून देतात: या पेटंटचा परवाना रास्त, वाजवी दरात आणि भेदभाव न करता देऊ. आकडा लिहायचा नसतो. पेटंट मानकासाठी खरोखर अत्यावश्यक आहे का, हे एत्सी तपासत नाही. ज्याचं त्याने जाहीर करायचं. स्वतःच्या पोराचा पेपर तपासताना कोण हात आखडता घेतो?

पुढे फोनवाल्याला अत्यंत अदबशीर पत्र जातं. दर विचारलात तर आधी गोपनीयतेच्या करारावर सही करा. इतरांना काय दर लावला? तो अर्थातच गोपनीय. भेदभाव होत नाही, एवढं मात्र खात्रीने सांगतात.

परवान्याची टक्केवारी चिपवर नाही, अख्ख्या फोनवर लागते. मायक्रोमॅक्स या फोन कंपनीने पेटंटधारक एरिक्सनविरुद्ध केलेल्या तक्रारीवर भारताच्या स्पर्धा आयोगाने २०१३ मध्ये हिशेब मांडला होता: सव्वा टक्क्याने शंभराच्या फोनला सव्वा रुपया, हजाराच्या फोनला साडेबारा, चिप तीच. यावर गृहस्थ शांतपणे म्हणतात, "पण नेटवर्कच नसेल, तर हजार रुपये मोजेल कोण?" याला चटकन उत्तर सुचत नाही, हे कबूल.

आणि फोनवालेही काही भोळे नसतात. "विचार करतोय" म्हणत वर्षं काढायची आणि तोवर फोन विकत राहायचे, ही त्यांची कला. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये लावा या फोन कंपनीने पेटंटांपोटी एरिक्सनला २४४ कोटी रुपये द्यावेत असं सांगितलं, तेव्हा गृहस्थांनी पेढे वाटले.

त्यानंतर त्यांनी नोकरी बदलली. आता ते फोन बनवणाऱ्या कंपनीत आहेत. "यातली निम्मी पेटंटं तरी अत्यावश्यक आहेत का? आणि टक्केवारी फोनवर कसली लावता?" असं तावातावाने विचारतात. परवा जुन्या कंपनीचं अदबशीर पत्र त्यांच्या टेबलावर आलं. मसुदा त्यांनीच पूर्वी तयार केलेला, शब्द न् शब्द तोच.

"भाषा फारच अरेरावीची आहे," ते म्हणाले.