रिव्हेटमोजे दाजी

छोट्या आगगाड्यांचा छंद असलेली माणसं तीन प्रकारची असतात. पहिल्यांना गाडी पळाली की झालं. दुसऱ्यांना ती बोगद्यातून पळायला हवी, बोगद्यावर डोंगर हवा आणि डोंगरावर मेंढ्या हव्यात. तिसऱ्यांची गाडी जागची हलली नाही तरी त्यांची तक्रार नसते, पण तिच्यावरचे रिव्हेट मोजून बरोबर भरले पाहिजेत. अमेरिकेत या तिसऱ्या जमातीला ‘रिव्हेट काउंटर’ म्हणतात, आणि ते काही कौतुकानं नव्हे. आमचे दाजी या जमातीतले. त्यांना कुणी तोंडावर तसं म्हटलं तर ते चिडत नाहीत. “कुठल्या ओळीतले?” एवढंच विचारतात.

दाजी मूळचे मिरजेचे. नोकरीनिमित्त पेन्सिल्व्हेनियात गेले, पंपांच्या कारखान्यात उभा जन्म काढला आणि निवृत्तीनंतर घराच्या बेसमेंटमध्ये उतरले ते अजून पुरते वर आलेले नाहीत. तिथं त्यांची रेल्वे आहे. एचओ स्केल, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची. दोन रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. पण इंजिनं, स्टेशनं, प्रवासी डबे यांच्याशी दाजींना कर्तव्य नाही. त्यांचा सगळा जीव टँकरच्या डब्यांवर. तेलाचे, काकवीचे, व्हिनेगरचे, मक्याच्या पाकाचे. बहुतेक काळे, सगळे लांबोडके. “सगळे सारखेच दिसतात की हो,” असं एकदा ताईची विहीणबाई बोलून गेल्या. दाजींनी त्यांना खाली बसवून काळ्या रंगाच्या बाटल्या दाखवल्या. कारखान्यातून नुकत्याच निघालेल्या टाकीचा काळा, चार उन्हाळे खाल्लेला राखाडीकडे झुकलेला काळा आणि तेल सांडून तकाकी आलेला, फक्त घुमटाभोवती लावायचा काळा. विहीणबाई त्यानंतर सोफ्यावरूनच बोलतात.

दाजींच्या बेसमेंटमध्ये कायम 1948 सालचा ऑक्टोबर असतो. हे त्यांनी उगीच ठरवलेलं नाही. त्या साली रिव्हेट ठोकलेल्या टाक्या अजून रुळांवर होत्या आणि वेल्डिंगच्या यायला लागल्या होत्या, म्हणजे दोन्ही बाळगता येतात. जुना ‘के’ ब्रेक दुसऱ्या कंपन्यांच्या रुळांवर 1953 पर्यंत चालत होता, तेव्हा तोही चालेल. आर्चबारच्या बोग्या, म्हणजे डब्याखालचे चाकांचे सांगाडे, मात्र आधीच बाद झालेल्या. तसली एक बोगी त्यांना एका मित्राच्या टेबलावर दिसली, तेव्हापासून त्या मित्राकडं जाणं-येणं कमी झालंय. ऑक्टोबरच का, तर थंडी तोंडावर असते आणि घरं तापवायच्या तेलाची वाहतूक वाढते. ताईचा वाढदिवसही ऑक्टोबरातच असतो, पण तो चालू सालातला असल्यामुळं दाजींच्या ध्यानात राहत नाही.

एका गोष्टीत मात्र मी दाजींच्या बाजूचा आहे. हा काळा डबा वाटतो तितका मुका नाही. पेन्सिल्व्हेनियातच टायटसव्हिलला 1859 साली ड्रेकच्या विहिरीला तेल लागलं. लागलं खरं, पण न्यायचं कशात? लाकडी बॅरलं भरायची आणि ती गळत गळत निम्म्या वाटेवर पोचायची. डेन्समोर नावाच्या भावांनी 1865 साली सपाट मालडब्यावर दोन भलीमोठी लाकडी पिंपं उभी केली, तो टँकरचा मूळपुरुष. काही वर्षांतच पिंपं गेली आणि लोखंडाची आडवी टाकी आली. यातल्या जेम्स डेन्समोरनं पुढं शोल्सच्या टाइपरायटरला पैसा पुरवला. दाजी ही माहिती इतक्या अभिमानानं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, पैसे यांनीच दिले होते.

टाकीवरचा घुमट हा तर त्यांचा हळवा कोपरा. तेल उन्हानं तापलं की फुगतं, फुगलेल्याला जागा हवी, म्हणून वर घुमट. तो टाकीच्या किमान दोन टक्के तरी असायचा. “मेव्हणं, बघा की,” दाजी म्हणतात, “दोन टक्क्यांत सगळी अक्कल हाय.” त्यांनी हिशेब करून ठेवलाय: 8,000 गॅलनची, म्हणजे तीस हजार लिटरची टाकी एचओत उतरवली की तिच्यात 46 मिलिलिटर मावतात. “अर्धा कटिंगपण नाही,” असं ताई म्हणते.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मसालेभाताच्या रांगेत उभं असताना कुणीतरी सहज विचारतं, “दाजी, तुमचा तो ट्रेनचा छंद, खेळण्यातल्या ना?” ‘खेळण्यातल्या’ म्हटलं की रांग अडली म्हणून समजा. डब्यावरच्या अक्षरांच्या शेवटी एक्स असला तर तो डबा रेल्वेचा नसून खाजगी मालकाचा असतो, इथून सुरुवात होते. यूटीएलएक्स म्हणजे मूळची स्टँडर्ड ऑइलची टँकरवाली कंपनी. 1911 साली सुप्रीम कोर्टानं स्टँडर्ड ऑइल मोडली तेव्हा ती वेगळी झाली. तोवर मागच्यांचा भात गार झालेला असतो. भांडण 1942 च्या युद्धापर्यंत पोचलं तर अळणी कोशिंबीरसुद्धा संपते: जर्मन पाणबुड्या पूर्व किनाऱ्यावर तेलाची जहाजं बुडवायला लागल्या आणि सगळा भार या डब्यांवर आला, तेव्हा कुठं लोकांना त्यांची किंमत कळली, असा दाजींचा मुद्दा. तो बरोबर आहे. फक्त गणपतीत तो निघायला नको होता.

रिव्हेट लावण्याचा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलाय. इंचभर डोक्याचा रिव्हेट एचओत 0.29 मिलिमीटरचा होतो. असले राळेचे ठिपके ओळीनं बसवलेला कागद विकत मिळतो. दाजी त्याची दोऱ्याएवढी पट्टी कापतात, बशीतल्या पाण्यात सोडतात, ठिपक्यांची ओळ सुटी झाली की दोन केसांच्या ब्रशनं टाकीवर सरकवतात. कपाळावर भिंग, दातांत जिभेचं टोक, श्वास बंद. नेमका त्याच वेळी ताईनं वर दाण्याच्या कुटासाठी मिक्सर लावला. बेसमेंटचं छत थरथरलं आणि ओळ अर्ध्या रिव्हेटनं तिरकी झाली. दाजी काही बोलले नाहीत. बशी उचलून जिन्यापाशी गेले आणि वर तोंड करून म्हणाले, “कूट खलबत्त्यात होत नाही का?” ताई म्हणाली, “होतो. या, कुटा.”

मी एकदा त्यांना विचारलं, दाजी, तुम्ही मिरजेचे. एके काळी तिथं तिन्ही गेजचे रूळ होते. ते का नाही करत? दाजी जरा वेळ भिंग पुसत बसले. “ड्रॉइंग कुठायत? फोटो कुठायत? मला लहानपणचे टँकर आठवतात, पण आठवण म्हणजे काय पुरावा नव्हं. शिडी डावीकडं होती का उजवीकडं, कोण सांगणार?” अमेरिकेतल्या एसीएफ कंपनीच्या 1921 च्या आणि 1927 च्या टाकीतला फरक ते झोपेत सांगतील. मिरजेच्या फलाटावर सुट्टीभर पाहिलेल्या डब्यांना मात्र त्यांनी हात लावला नाही. अंदाजानं करण्यापेक्षा न केलेलं बरं, हा त्यांचा नियम मिरजेलाही माफ करत नाही.

पुराव्याच्या या हौसेपायी ताईचे अमेरिकेतले सगळे फोटो बिघडले आहेत. प्रत्येकात ती एका काळ्या डब्याशेजारी, हातात फुटाफुटावर पट्टे मारलेली काठी धरून उभी. काठीवरून माप काढता येतं. मिरजेच्या आत्यांनी एकदा काळजीनं फोन केला होता की पोरीला तिकडं रेल्वेत नोकरी करावी लागते की काय. सेंट लुईसजवळच्या वाहतूक संग्रहालयात 1965 सालची 60,000 गॅलनची अवाढव्य टाकी आहे. पुढं 1970 साली 34,500 गॅलनच्या वर जायला बंदी आली, त्यामुळं असली धूडं पुन्हा झाली नाहीत. तिथं ताई आपणहून काठी घेऊन उभी राहिली, तर दाजी म्हणाले, “राहू दे. 48 साली ही नव्हतीच.” ताईचा तेवढाच एक फोटो काठीशिवाय आहे.

खरा पेच नातीनं आणला. खाऊच्या पैशांतून तिनं आजोबांना एक टँकर घेतला: लालभडक, अंगावर चॉकलेटची जाहिरात आणि डोक्यावर तीन घुमट. खेळणी करणाऱ्यांना तीन घुमटांचं भारी प्रेम. प्रत्यक्षात तसले डबे थोडेच होते. दाजींनी तो तळहातावर घेतला, उलटा केला, कप्लर, म्हणजे डबे जोडायचा आकडा, पाहिला (ते स्वतः केडी कंपनीचा 58 नंबरचा लावतात, 5 नंबरचा त्यांना जाडजूड वाटतो) आणि “छान आहे” म्हणाले. हा त्यांच्या कोशातला सर्वांत कडक शब्द. मग ते कित्येक आठवडे जुने फोटो धुंडाळत होते, आणि एक दिवस विजयी मुद्रेनं वर आले. तीन कप्प्यांचा डबा असायचा! गावातल्या लहान तेलविक्याला एका डब्यात पेट्रोल, रॉकेल असं वेगवेगळं मागवायची सोय. नातीच्या टँकरला 1948 मध्ये प्रवेश मिळाला. कप्लर बदलला, चाकं बदलली, शिड्या बदलल्या, नवे रिव्हेट चढले, काळा रंग आला. नात रडायला लागली. शेवटी तह झाला: समोरची बाजू काळी, भिंतीकडची बाजू लाल, चॉकलेटसकट. तो डबा उलटा फिरवायचा नाही, असा बेसमेंटचा कायदा आहे. नात येणार असली की ताई गुपचूप फिरवून ठेवते.

मागच्या हिवाळ्यात बेसमेंटमधली गरम पाण्याची टाकी गळायला लागली. ताई रोज सांगायची, दाजी रोज बघून यायचे आणि “वेल्डेड आहे” एवढं निदान करून बसायचे. शेवटी तिनंच प्लंबर बोलावला. तो खाली उतरला आणि वर येईना. ताई बघायला गेली, तर पाणी ठिबकतंय आणि दोघं गुडघे टेकून टेबलाच्या कडेशी. प्लंबरचे आजोबा पेन्सिल्व्हेनियातल्याच मिल्टन गावच्या एसीएफच्या कारखान्यात होते, आणि हेच डबे बनवायचे. दाजींचा आवाज कापत होता. “त्यांनी कधी सांगितलं का, खालच्या ओळीत किती रिव्हेट असायचे?”

प्लंबर हसला. “आजोबा कशाला मोजतील? ते नुसते ठोकायचे.”

“बघा,” दाजी ताईकडं वळून म्हणाले, “म्हणून कुणाला तरी मोजायला लागतात.”

प्लंबरनं तीन तासांचं बिल लावलं. त्यातला पाऊण तास टाकीचा होता.