बाखचा एकविसावा मुलगा

योहान सेबास्टियन बाखला वीस मुले झाली. त्यांतली दहा जगली आणि जगलेल्यांपैकी चौघांनी संगीतात नाव काढले. एकविसावा मात्र बाप वारल्यावर दोनशे वर्षांनी अमेरिकेत जन्मला, तोही एका तरुण संगीतकाराच्या डोक्यातून. त्या संगीतकाराचे नाव पीटर शिकेली, आणि पोराचे पी. डी. क्यू. बाख. खऱ्या बाखच्या एका मुलाला सी. पी. ई. म्हणत, एकाला जे. सी.; तेव्हा यालाही आद्याक्षरे हवीतच. पी. डी. क्यू. म्हणजे अमेरिकन बोलीत 'झटपट'. याचा जीवनकाल रेकॉर्डच्या वेष्टनावर 1807 ते 1742 असा छापलेला असे आणि पुढे प्रश्नचिन्ह. आधी मेला, मग जन्मला, आणि मधल्या काळात जे काही केले ते बापाला कळले नाही हेच बरे.

24 एप्रिल 1965 रोजी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये या दिवट्या चिरंजीवांच्या रचनांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. शिकेली 'प्रोफेसर' बनून यायचे. हे प्रोफेसर नॉर्थ डाकोटातल्या हूपल गावच्या एका काल्पनिक विद्यापीठात शिकवत आणि कुठल्या तरी तळघरात वगैरे या थोर माणसाची हस्तलिखिते त्यांना सापडत. कार्यक्रमाला हमखास उशीर. आधी व्यवस्थापक येऊन पडेल चेहऱ्याने काहीतरी सांगणार, मग प्रोफेसर बाल्कनीतून दोराला लटकत थेट रंगमंचावर. आपल्याकडेही कलाकार उशिरा येतात, पण इतकी मेहनत कोणी घेत नाही.

ही सगळी मंडळी मला भेटली ती हॉस्टेलच्या खोलीत, एका कॅसेटवर. माझा खोलीसोबती मडगावचा. गोव्यात चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलेखन वाचायला शिकलेला, व्हायोलिन वाजवणारा. बोटीवर नोकरीला असलेल्या त्याच्या काकांनी ती कॅसेट आणली होती. मला पाश्चात्त्य संगीतातले ओ की ठो कळत नव्हते. पण फुग्यात हवा भरून त्याचे तोंड दोन बोटांनी ताणले की जी किंकाळी निघते, ती कळायला कुठल्या शाळेत जावे लागते? बॅगपाइप, सायकल आणि फुगे यांच्यासाठी शिकेलींनी एक आख्खी रचना लिहिली आहे. शिवाय 'ट्रॉम्बून' नावाचे वाद्य: ट्रॉम्बोनच्या धडाला बसूनचे तोंड. दोन्ही वाद्यांचे सगळे दोष त्यात एकवटले आहेत, ही खुद्द प्रोफेसरांची ग्वाही. आम्ही गाद्यांवर लोळून हसायचो. शेजारच्या खोलीतला सी. ए.चा विद्यार्थी भिंतीवर चप्पल आपटायचा, तीही सायकलच्या तालात बसे.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला लंडन होते. गेरार्ड हॉफनंग हा बर्लिनमध्ये जन्मलेला, हिटलरमुळे लहानपणीच इंग्लंडला आलेला व्यंगचित्रकार. स्वतः ट्युबा वाजवायचा. त्याने 13 नोव्हेंबर 1956 रोजी रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये एक 'संगीत महोत्सव' भरवला. त्यासाठी माल्कम अरनॉल्डने एक भव्य ओव्हर्चर लिहिले: तीन व्हॅक्यूम क्लीनर, एक फरशी घासायचे यंत्र, चार बंदुका आणि पूर्ण वाद्यवृंद. बंदुका कशाला? शेवटी व्हॅक्यूम क्लीनरना गोळ्या घालायला. हा अरनॉल्ड कोणी टवाळ नव्हे. पुढच्याच वर्षी आलेल्या 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'च्या संगीतासाठी त्याला ऑस्कर मिळाले. आणि त्या काळातला हॉर्नचा सर्वांत मोठा वादक डेनिस ब्रेन याने त्या संध्याकाळी बागेला पाणी घालायच्या रबरी नळीवर लिओपोल्ड मोत्झार्ट वाजवला. बरा वाजवला, हे विशेष. हॉफनंग 1959 साली चौतिसाव्या वर्षी गेला. एवढ्याशा आयुष्यात माणसाने किती गंमत करावी!

त्याच महोत्सवात फ्रान्झ राइझेनस्टाइनची एक पियानो कन्चेर्तो होती. पियानोवाली बाई समजते की आज ग्रीग वाजवायचा आहे. वाद्यवृंद समजतो, चायकॉव्स्की. दोघेही हटत नाहीत. मी ती ऐकली तेव्हा ना ग्रीग ऐकला होता ना चायकॉव्स्की. मराठीत माझे असेच झाले होते. अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने केलेल्या विडंबनांची 'झेंडूची फुले' घरात होती, रविकिरण मंडळातल्या मूळ कवींचे संग्रह नव्हते. त्यामुळे मूळ कविता पुढे कॉलेजात वाचायला मिळाल्या तेव्हा या कवींनी केशवकुमारांची इतकी गंभीर नक्कल का केली असावी, असा प्रश्न पडला. ग्रीगचेही तेच. मुंबईत पहिल्यांदा प्रत्यक्ष वाद्यवृंद ऐकायला गेलो, पियानोने ग्रीगची ती सुप्रसिद्ध झेप घेतली, आणि मी खुर्चीच्या काठावर येऊन चायकॉव्स्की कुठून घुसतो याची वाट बघत बसलो. तो शेवटपर्यंत आला नाही. मला कार्यक्रम अपुरा वाटला.

मग नोकरी लागली, पैसे आले, सी. डी. आल्या, आणि मी दर्दी झालो. दर्दी माणूस डोळे मिटून ऐकतो, दोन मूव्हमेंटच्या मध्ये टाळी वाजवणाऱ्याकडे मान वळवून बघतो, आणि फुगा वगैरे वाद्यांची नावे काढत नाही. कॅसेट एका खोक्यात गेली, खोके माळ्यावर गेले.

जानेवारी 2024 मध्ये शिकेली वारले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. बातमी वाचली आणि मोबाइलवर शोधून सगळे पुन्हा लावले, रात्री, हेडफोन घालून. हसायला आलेच. पण गंमत अशी की मी भलत्याच जागी हसत होतो. फुगा आला, गेला. ठीक आहे, फुगा. त्याच्या आधी एक साधी, निरुपद्रवी वाटणारी सुरावट होती. ती अठराव्या शतकातल्या शिस्तीप्रमाणे घरी परतायची, तर नको त्या स्वरावर एकच क्षण रेंगाळली आणि काहीच घडले नाही अशा चेहऱ्याने पुढे निघून गेली. तिथे मी इतका मोठ्याने हसलो की बायको उठली.

बीथोवनच्या पाचव्या सिम्फनीच्या पहिल्या मूव्हमेंटवर शिकेलींनी खेळाच्या सामन्यासारखी कॉमेंटरी केली आहे. मराठीत बाळ ज. पंडितांचे समालोचन ऐकत वाढलेल्या माणसाला हे तंत्र समजावून सांगावे लागत नाही. पूर्वी मला फक्त त्यांची आरडाओरड गमतीची वाटायची. आता लक्षात आले की ते जे ओरडतात ते अगदी खरे आहे! सुरुवातीचे चार स्वर, मग थांबा. पुन्हा चार, पुन्हा थांबा. कॉमेंटेटर वैतागून म्हणतो की हे द्रुत आहे का विलंबित तेच कळत नाही, सारखे थांबतात. बीथोवनने 1808 साली लोकांना नेमके हेच करून दाखवले होते; फक्त नंतर आपण सगळे त्याला 'नियतीची हाक' वगैरे म्हणू लागलो आणि थांबण्यातला आगाऊपणा विसरलो. बीथोवन समजावणारी जाड पुस्तके मी घेतली आहेत. एकानेही हे इतके चटकन सांगितले नाही.

फिलिप ग्लासच्या ऑपेरावरची शिकेलींची टवाळीही तशीच. ग्लासच्या संगीतात तोच तुकडा पुन्हा, पुन्हा, पुन्हा आणि मग किंचित बदलून पुन्हा. दोघे जुलियार्डला एका वेळी शिकलेले. त्यामुळे ही खोडी शत्रूची नाही, बाजूच्या बाकावरच्याची आहे, आणि ती जास्तच झोंबत असणार.

लिओपोल्डच्या मुलाने, म्हणजे खुद्द मोत्झार्टनेही, हा थट्टेचा उद्योग केला आहे. 1787 साली त्याने 'संगीतातली थट्टा' लिहिली. वडील वारल्यावर दोनतीन आठवड्यांत ही रचना त्याच्या वहीत नोंदलेली दिसते, यावरून बऱ्याच जणांनी मानसशास्त्र पाजळून घेतले आहे, ते सोडू. त्यात हॉर्न बेसूर होतात आणि अखेरीस प्रत्येक वाद्य आपापल्या वेगळ्या पट्टीत कोसळते. तिथे सगळेच हसतात. मला आता खरी मजा वाटते ती मधल्या, बेसूर नसलेल्या भागाची. कारण थट्टा वादकांची नाहीच, सुमार संगीतकाराची आहे. हा गृहस्थ आव आणून फ्यूग नावाचा एक अवघड प्रकार सुरू करतो, तो आपल्याला झेपणार नाही हे चार पावलांत त्याला कळते, आणि तो काही झालेच नाही असे दाखवत साध्या चालीवर येतो. सभेत संस्कृत श्लोक सुरू करून दुसऱ्या चरणाला खोकणारे वक्ते आपण पाहिलेत ना, तेच. मोत्झार्टला हे वाईट लिहिणे जमवायला किती चांगले लिहिता यावे लागले असेल!

हल्ली मी घरात प्रचार करतो. बायकोला हायडनची चार तंतुवाद्यांची ती रचना ऐकवली, 1781 सालची, जिला 'द जोक' हेच टोपणनाव पडले आहे. तिला नाट्यसंगीताचा कान आहे, पाश्चात्त्याचे वावडे. हायडन अखेरच्या सुरावटीचे तुकडे करतो, प्रत्येक तुकड्यानंतर थांबतो. संपले असे वाटते, नाही. पुन्हा एक तुकडा. पुन्हा शांतता. मग भलामोठा विराम, इतका की श्रोता टाळीसाठी हात उचलतो, आणि तेवढ्यात पहिलीच ओळ हळूच पुन्हा सुरू होते.

"झालं?" बायकोने पहिल्या विरामाला विचारले.

"थांब."

"आता?"

"थांब ना."

मोठ्या विरामात ती उठून कुकर लावायला गेली. ती ओळ वाजली तेव्हा ओट्यापाशी होती. मग पुन्हा शांतता पसरली. मी वाट पाहिली. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, आता तरी झालं का?"

झाले होते, पण ते मला मोबाइलच्या पडद्यावर बघूनच खात्री करून घ्यावे लागले.