शंभर-नव्वदचा उजेड

आमच्या साडूंना रात्रीचं कमी दिसायला लागलं त्याला आता बराच काळ लोटला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला मात्र ते तयार नाहीत. डोळे उत्तम आहेत, गाडीचे बल्ब भिकार आहेत, हे त्यांचं निदान. गणपतीला सावंतवाडीजवळच्या त्यांच्या गावी आम्ही सगळ्यांनी एकाच गाडीतून जायचं ठरलं, आणि गर्दी टाळायला रात्री निघायचं ठरलं, तेव्हा या निदानावर औषधोपचार करणं भाग पडलं. असली औषधं पुण्यात नाना पेठेत मिळतात.

दुकानदार पुण्याचाच असल्यामुळे बल्ब विकायची त्याला घाई नव्हती. "गाडीत काय आहे, एच-फोर?" त्याने विचारलं. साडूंनी "हो" म्हटलं. त्यांना गाडीचं नाव विचारलं असतं तरी त्यांनी "हो"च म्हटलं असतं. एच-फोर म्हणजे तीन पिनांचा, एका काचेत दोन फिलामेंट असलेला हॅलोजन बल्ब. साठ वॅट अप्परला, पंचावन्न वॅट डिप्परला. १९७१च्या सुमाराचं हे डिझाइन आजही आपल्याकडच्या असंख्य गाड्यांच्या तोंडात आहे, आणि आपल्याकडचा प्रत्येक गाडीमालक कधी ना कधी ते बदलायचा विचार करतो.

"मला जास्तीत जास्त उजेड पाहिजे," साडू म्हणाले.

दुकानदाराने खोकी मांडली. साडूंनी त्यावरचे आकडे वाचले आणि ज्या खोक्यावर सर्वांत मोठा आकडा होता ते उचललं. "हे सहा हजारवालं. आपलं साधं कितीचं असतं?"

"तीन हजार दोनशेच्या आसपास."

"मग दुप्पटच झालं की!"

"साहेब, ते केल्विन. तो रंग. आकडा वाढला की उजेड वाढत नाही, नुसता पांढरा होत जातो, आणि दहा हजारांपुढे निळा. उजेड बघायचा तर ल्युमेन बघा." एवढं सांगून दुकानदाराने मान फिरवली. गिऱ्हाइकाला शहाणं करण्याचा त्या दिवसाचा कोटा संपला होता.

शेवटी हेडलाइटसाठी शंभर-नव्वद वॅटचे हॅलोजन आणि फॉग लँपसाठी सहा हजार केल्विनचे पांढरेशुभ्र एलईडी घ्यायचं ठरलं. फॉगसाठी पिवळे घ्या, असं दुकानदार पुटपुटला. मीही माझं ज्ञान पाजळलं की फ्रान्समध्ये १९९३पर्यंत हेडलाइटसुद्धा पिवळेच लागत, तसा नियमच होता. "आपल्याला आंबोलीला जायचंय, पॅरिसला नाही," साडू म्हणाले.

शंभर-नव्वदच्या खोक्यावर बारीक अक्षरांत 'ओन्ली फॉर ऑफ-रोड यूज' असं छापलं होतं. मी ते दाखवलं. शिवाय मूळ नोंदीशी विसंगत असे बदल गाडीत करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे मनाई आहे, हेही सांगितलं. साडूंनी खोकं डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचलं. "आपल्याकडे ऑन-रोड आहे कुठे?" हा मुद्दा मला खोडता आला नाही.

"सोबत रिले घ्या," दुकानदार म्हणाला. साडू त्यावर नुसतं हसले. आपण काहीही घ्यायला गेलो की सोबत घ्यायचं आणखी काहीतरी दुकानदाराकडे असतंच, अशा अर्थाचं ते हसू होतं.

संध्याकाळी उशिरा निघालो. पुढे सासूबाई, कारण त्यांचे गुडघे. मागे मी, माझी बायको आणि ताई, म्हणजे बायकोची मोठी बहीण, साडूंची पत्नी. डिकीत आंबेमोहोर तांदूळ, समयांची जोडी, मखराच्या लोखंडी सळ्या, आणि गावच्या घरासाठी घेतलेली इन्व्हर्टरची बॅटरी. ती चढवायला सोसायटीचे दोन वॉचमन लागले होते.

कात्रजचा बोगदा संपला आणि साडूंनी अप्पर मारला. उजेड पडला हे खरं. दूरची डोंगराची कड दिसली, होर्डिंगवरच्या बिल्डरच्या चेहऱ्यावरचे बारकावे दिसले, एका झाडावर झोपलेले बगळे दिसले. रस्ता तेवढा पूर्वीइतकाच दिसत होता. "काय चकाचक!" साडू म्हणाले. आम्ही मागून दुजोरा दिला. ज्याच्या गाडीतून फुकट जातो त्याच्या बल्बला नावं ठेवू नयेत.

खंबाटकीच्या चढावर पुढच्या ट्रकच्या ड्रायव्हरने खिडकीतून हात बाहेर काढून काहीतरी खूण केली. साडूंच्या मते तो 'ओव्हरटेक करा' म्हणत होता. मला ती खूण वेगळी वाटली, पण गाडीत बायकामाणसं होती. साताऱ्याच्या पुढे रुंदीकरणाचं काम चालू, त्यामुळे दर थोड्या अंतरावर डायव्हर्जन, आणि तिथे समोरची वाहनं थेट अंगावर. प्रत्येक जण अप्पर-डिप्पर करत होता. काही जण सोबत हॉर्नही वाजवत होते.

"डिप्परच आहे हो माझा!" साडू समोरच्यांना गाडीतल्या गाडीत ओरडून सांगत होते.

"एकाहत्तरच्या लढाईत बरं होतं," सासूबाई म्हणाल्या. "ब्लॅकआउट. सगळ्या गाड्यांच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग. कुणाच्या डोळ्यांत म्हणून उजेड जात नव्हता."

कराड गेल्यावर वास सुरू झाला. सासूबाई म्हणाल्या, कुणीतरी खोबरं करपवलंय. ताईंना रबर वाटलं. साडूंनी काच खाली करून बाहेरच्या हवेचा वास घेतला आणि दोष जवळच्या एखाद्या कारखान्याला दिला. कारखाने मागे पडले, वास सोबत आला. कोल्हापूर बायपासला डावा दिवा आधी लाल झाला, मग गेला. पुढचा रस्ता आम्ही एका डोळ्याने काढला.

कागलच्या अलीकडे हायवेला लागून पत्र्याची एक शेड, तिच्यावर बॅटऱ्यांची चित्रं, खाली बाकावर उपरणं तोंडावर घेऊन झोपलेला वायरमन. गाडी समोर उभी राहिली तसा तो उजव्या दिव्याच्या झोतात दचकून उठला.

"काय पावणं," डोळ्यांवर हात धरून तो म्हणाला, "लगीन हाय काय कुठं?"

बॉनेट उघडून त्याने बल्बामागचा कपलर ओढला. पांढरा प्लास्टिकचा कपलर तपकिरी झाला होता, एक पिन त्यात विरघळून बसली होती. तो चार बोटांवर ठेवून त्याने तो आम्हा सगळ्यांना फिरवून दाखवला. मग प्रवचन झालं, आणि ते फुकट होतं.

साठ वॅटला बारा व्होल्टवर पाच अँपिअर करंट लागतो. शंभरला आठाच्या वर. वायर तीच, पिन तीच. पण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्या बिचाऱ्या पिनेवर पावणेतीन पट ताप. आणि हा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या नाजूक स्विचमधून फिरून येतो. रिले बसवला की स्विचमधून जातो तो नुसता इशाऱ्यापुरता करंट. खरा करंट बॅटरीतून जाड वायरने थेट बल्बाला. "पाटलानं निस्ती मान हलवायची, पोती गडी उचलतोय," वायरमन म्हणाला. "तुमी पाटलालाच पोती उचलाय लावली."

साडू गप्प. ही घटना दुर्मीळ असल्याने ताईंनी ती संपण्याआधी आवाज न करता पर्स उघडली आणि रुमालात बांधलेले दोन जुने बल्ब काढले. नाना पेठेतून आल्यावर साडूंनी ते कचऱ्यात टाकले होते. "चालू वस्तू टाकून कशाला द्यायची," एवढंच त्या म्हणाल्या.

"काचंला हात न्हाई लावायचा," वायरमन ओरडला. हॅलोजनची काच क्वार्ट्झची; बोटाचं तेल लागलं की तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर मरतो. त्याने ते स्पिरिटने पुसले, नवे होल्डर लावले, दोन रिले जोडले. मग गाडी शेडच्या भिंतीसमोर उभी करून दिवे लावायला सांगितले. डिप्परचा उजेड भिंतीच्या वर, पत्र्याच्याही वर, मागच्या चिंचेवर पडला.

"मागं काय भरलंय?"

आम्ही यादी सांगितली. बॅटरीचं नाव निघाल्यावर तो खिडकीतून आत वाकला आणि डॅशबोर्डवर, स्टिअरिंगच्या उजवीकडे, शून्य ते तीन आकडे असलेलं एक छोटं चाक बोटाने फिरवलं. उजेड चिंचेवरून उतरला, पत्र्यावरून उतरला आणि भिंतीच्या पायथ्याशी येऊन बसला. मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर होतं, ते दिव्यांपुरतं खाली घ्यायला हे चाक असतं. साडू इतकी वर्षं ते एसीचं समजत होते. उन्हाळ्यात ते तीनवर आणि थंडीत शून्यावर ठेवायचे, असं ताईंनी नंतर सांगितलं.

"टूथपेस्ट हाय का कुनाकडं?" हा शेवटचा प्रश्न. दिव्यांची प्लास्टिकची काच उन्हाने पिवळट पडली होती. सासूबाईंनी पिशवीतून आपली पेस्ट दिली. वायरमनने ओल्या फडक्याने दोन्ही काचा घासल्या आणि पाण्याने खळखळून धुतल्या. कायमचा इलाज नव्हे, पण गाडीचा चेहरा उजळला. उरलेली पेस्ट परत घ्यायला सासूबाईंनी नकार दिला.

पुन्हा निघालो, आणि खरोखर लख्ख दिसायला लागलं. साध्या साठ-पंचावन्नात. यात जादू नव्हती. जुन्या बारीक वायरीत व्होल्टेज गळतं, आणि हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. रिलेने ती गळती थांबवली होती. "बघा," साडू म्हणाले, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, वायरिंगमध्येच घोळ आहे."

निपाणीला कर्नाटकातून डोकावून उत्तूर, आजरा. आजऱ्याच्या पुढे झाडी दाट झाली, पाऊस आडवा झाला, आणि आंबोली यायच्या आधीच धुकं आलं. आंबोली म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या गावांपैकी एक. तिथे भाद्रपदात ढग रस्त्यावर उतरतो आणि तिथेच मुक्काम करतो. साडू या क्षणाची पुण्यापासून वाट बघत होते. त्यांनी फॉग लँप लावले. वर अप्परही लावला.

समोरचं सगळं नाहीसं झालं. बॉनेटच्या टोकापासून पुढे एकसारखं पांढरं, आणि ते इतकं प्रखर की सासूबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला. धुक्यातला प्रत्येक थेंब थोडा उजेड मागे फेकतो. जेवढा उजेड जास्त, तेवढा परतावा जास्त, आणि डोळ्यांच्या रेषेत गेला तर सगळाच आपल्या पदरात. म्हणून फॉग लँप खाली, बंपरात असतो. त्याचा झोत रुंद, चपटा, वरून कापलेला असावा लागतो, धुक्याच्या खालून रस्ता चाटत जाणारा. रंगाचं महत्त्व त्यापुढे थोडंच. पण तो झोत घडतो फिलामेंट बरोबर जागेवर असेल तर. साडूंच्या एलईडीची चिप त्या जागी बसलीच नव्हती, त्यामुळे झोत खाली, वर, आजूबाजूच्या जांभळीवर, सगळीकडे समान न्यायाने पडत होता.

आंबोलीच्या स्टँडपाशी गणपती स्पेशल एसटी चहाला थांबली होती. तिचा ड्रायव्हर ग्लास हातात घेऊन आमच्याकडे आला. आम्हाला वाटलं, कौतुक करायला.

"तो मोठो लायट बंद कर आदी," तो म्हणाला. "ते पांढरे पण. मगे रस्तो दिसतलो."

साडू मूळचे तिथलेच असल्यामुळे 'अहो-जाहो' न झाल्याचा त्यांना राग आला नाही. उलट माहेरी आल्यासारखा त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी अप्पर बंद केला, एलईडी बंद केले. उरला तो साठ-पंचावन्नातला पंचावन्न, चाक तीनवर, नाक खाली. आणि रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा हळूच दिसायला लागला. त्याच्या पलीकडे कठडा, कठड्याच्या पलीकडे काय आहे हे न दिसलेलंच बरं. घाट आम्ही एसटीच्या लाल दिव्यांच्या मागे, तिच्या वेगाने उतरलो. धबधब्याचा नुसता आवाज ऐकला. सासूबाई झोपल्या होत्या.

गावात पोहोचलो तेव्हा साडूंचे काका खळ्यात उभे होते. बॅटरी उतरवताना साडूंच्या खिशातून शंभर-नव्वदची जोडी निघाली. काकांनी एक बल्ब उजेडाकडे धरून निरखला. विसर्जनानंतर रात्री ओढ्यावर कुर्ल्या पकडायला जायचं असतं, आणि त्यांची जुनी बॅटरीची बत्ती अगदीच मंद झाली होती.

"ह्यो माका दी रे," काका म्हणाले.

"नाही काका," साडू गंभीरपणे म्हणाले, "हा असा जोडायचा नसतो. करंट आठ अँपिअरच्या वर जातो. पिन जळते. उष्णता वर्गाने वाढते. याला रिले लागतो." आणि मग भर खळ्यात, हातातली समई खाली न ठेवता, त्यांनी पाटील, गडी आणि पोती यांचं सगळं प्रवचन काकांना ऐकवलं, फक्त त्यात कागलचा वायरमन कुठे नव्हता.

काकांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"तर मगे," ते म्हणाले, "रिले पण दी."