शेटचा कुत्रा

पाळलेलं जनावर उपाशीतापाशी मरेल अशा ठिकाणी सोडून देणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा तसं स्पष्ट सांगतो आणि पहिल्या गुन्ह्याचा दंडही ठरवून देतो : कमीत कमी 10 रुपये, जास्तीत जास्त 50. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर मात्र गय नाही, 25 ते 100 रुपये किंवा तुरुंगसुद्धा! अलिबागच्या किनाऱ्यावर आज 50 रुपयांत धड शहाळं मिळताना मुश्कील. त्यामुळे कुत्रा सोडून जाणं हा इथल्या पर्यटनातला सगळ्यात स्वस्त कार्यक्रम ठरतो, आणि तो दंड भरलेला माणूस मला तरी अजून भेटायचा आहे.

बरं, सोडून जाणारे दुष्ट असते तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. ते चांगले असतात, ही खरी पंचाईत. घोटाळा पंचांगातच आहे. भाद्रपद हा कुत्र्यांचा हंगाम. तिथून दोन महिने धरले की कार्तिकात पिल्लं. मार्गशीर्षात चौलच्या दत्ताची यात्रा भरते. माणसं डोंगर चढून जातात, चार कुत्रे पायाशी घेऊन उभ्या असलेल्या देवाला हात जोडतात, आणि येताजाता पायरीवरच्या कुत्र्याला हाड्‌हाड्‌ करतात. तोवर गावोगावच्या पिल्लांचे डोळे उघडलेले असतात, शेपटीचा उपयोग कळलेला असतो. 31 डिसेंबरच्या आसपास ती ऐन देखणेपणात येतात, आणि नेमकी तेव्हाच मुंबई मांडव्याला उतरते. 2020 च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाल्यापासून तर गाडीसकट उतरते. बंगल्याच्या फाटकाशी पिल्लू दिसतं, मुलं हट्ट धरतात, आईचं मन विरघळतं, वडील म्हणतात, ‘राहू दे, राखणीलाही होईल.’ पिल्लाचं नाव ब्रूनो ठेवलं जातं. (किहीम ते नागाव या पट्ट्यात ‘ब्रूनो!’ अशी हाक मारून बघा. कोण कोण धावत येतं ते मोजा.)

शुक्रवार रात्र ते रविवार दुपार लाड, बाकीचे दिवस राखण, असा ब्रूनोचा आठवडा मे महिन्यापर्यंत नीट चालतो. हौशी मंडळी हस्कीही आणतात. सायबेरियातल्या बर्फासाठी घडलेलं ते जनावर मे महिन्याच्या दुपारी मोरीतल्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडलेलं असतं आणि त्याच्या निळ्या डोळ्यांत आपल्या पूर्वजन्मीच्या पापांचा हिशेब चाललेला दिसतो.

मग पाऊस येतो. गेटवेच्या साध्या बोटी बंद होतात. वाळूवरचे घोडे, भेळवाले, पाण्यातले खेळ, सगळं आवरतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, म्हणजे बंदरावर फेकलेली मुंडकीही नाहीत. हे दोन महिने किनाऱ्यावरच्या कुत्र्यामांजरांनी काय खायचं, याचा विचार कुठल्याच परिपत्रकात सापडणार नाही. बंगल्याच्या व्हरांड्याला निळी ताडपत्री बांधून शेट निघून जातात. दिवाळीत येतात तेव्हा मुलाला बारावी असते, किंवा बंगलाच विकायला काढलेला असतो.

असा टाकलेला कुत्रा गळ्यातल्या पट्ट्यावरून ओळखू येतो. पिल्लूपणी घातलेला पट्टा तोच राहतो, मान मात्र वाढते. खाऱ्या वाऱ्यानं बक्कल इतकं गंजतं की ते उघडायची सोयच नसते. कात्री आत घालायलाही बोटभर जागा हवी, तीही नसते. केसांखाली कातडी सोललेली असते. अशा वेळी एकानं तोंड धरायचं, दुसऱ्यानं कापायचं. तोंड धरायला नेहमी पुढे होतात ते आमच्या शेजारच्या बंगल्याची देखभाल करणारे भाऊ. त्यांच्या पडवीत असे चार कुत्रे आणि दोन मांजरं जेवतात. पावसाळ्यात भातावर सुकटीचं पाणी, बाकीच्या दिवसांत जे असेल ते. कुणी विचारलंच तर भाऊंचं उत्तर ठरलेलं : “आमचा नाय तो. शेटचा हाय.”

2023 च्या केंद्र सरकारच्या नियमांनी अशा कुत्र्यांना ‘सामुदायिक प्राणी’ म्हटलं आहे. नसबंदी करायची, लस टोचायची आणि जिथून उचलला तिथेच आणून सोडायचा. नियम शहाणा आहे. पण बंगल्यात वाढलेल्या ब्रूनोला गल्लीतली भांडणं जमत नाहीत. त्याला घरच लागतं. म्हणून आम्ही दोघीतिघी स्थळं शोधतो. पंधरा दिवसांच्या खटपटीनंतर एखादा फोन येतो. “रंग जरा उजळ नाही का?” काळ्या कुत्रीला वर मिळणं आपल्याकडे अजूनही कठीण आहे. “मोठी किती होईल? केस गळतात का? आमच्याकडे कांदा-लसूण चालत नाही, तिला चालेल ना?” एकांनी फोटो पाहून पसंती कळवली आणि दुसऱ्या दिवशी, सासूबाईंना विचारायचं राहिलं होतं, असं सांगून मोडली.

तरी मुंबईला सरसकट नावं ठेवणार नाही. मोकाट कुत्री मारायचं फर्मान निघालं म्हणून 1832 मध्ये याच शहरात पारशी रस्त्यावर उतरले, बाजार बंद पडला, दंगल झाली. दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांनी पांजरपोळ उभी केली. ते रक्त अगदीच आटलेलं नाही. गंमत अशी, की दोन-दोन घरं असलेल्यांनी टाकलेला कुत्रा बहुतेक वेळा भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारं जोडपं घेऊन जातं. रो-रोवर कुत्र्यालाही तिकीट काढून नेता येतं, आणि काही जण ते फोटोबिटो काढून जपून ठेवतात.

मागच्या सप्टेंबरात, 28 तारखेच्या रेबीज दिनाच्या निमित्तानं, गावात लसीकरण होतं. भाऊ चौघांनाही सुतळीनं बांधून घेऊन आले. टेबलामागच्या मुलीनं विचारलं, “मालकाचं नाव?”

“शेट.”

“पूर्ण नाव सांगा ना, काका.”

भाऊंनी बराच विचार केला. मग मोबाइल नंबर स्वतःचा दिला, पत्ता स्वतःचा दिला, आणि नावाच्या रकान्यात काय घालायचं ते घाला म्हणाले. कार्डं घडी करून रेशनकार्डाच्या पिशवीत गेली.

त्यातल्या थोरल्या ब्रूनोला दिवाळीनंतर ठाण्याहून झकास स्थळ आलं. नवराबायको दोघं घरून काम करणारे, तळमजला, पुढे अंगण. मी हरखून भाऊंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मासली खातात काय ते?”

“नाही. पण त्याला अंडं देतील म्हणाले.”

“मंग नाय जमायचा,” भाऊ म्हणाले. “आन्‌ ताई, शेटला इचारल्याबिगर मी कसा देव?”

शेटनी बंगला विकून दोन पावसाळे झाले होते. व्यवहाराच्या दिवशी किल्ल्या भाऊंनीच दिल्या होत्या.