शांतिनिकेतनात संध्याकाळी करायचं काय?

"काकू, रविवारी कॉलेज आणि बुधवारी सुट्टी! असलं कुठं असतं होय?"

असतं. शांतिनिकेतनात असतं. तिथल्या काचमंदिरात ब्राह्मो उपासना बुधवारी, म्हणून आठवड्याची सुट्टीही बुधवारी. मी हे सांगितलं तर वैनी म्हणतात, "म्हणजे आम्ही रविवारी निवांत फोन लावणार आणि ही वर्गात!"

शेजारच्या वैनींच्या थोरलीचं नाव दोन कला कॉलेजांत लागलंय. एक मुंबईचं जेजे, दुसरं बोलपूरचं, म्हणजे शांतिनिकेतनातलं, कलाभवन. तेव्हापासून आमच्या दोन घरांमधल्या भिंतीला उसंत नाही. पलीकडं वैनी, अलीकडं मी, मध्ये दोडक्याचा वेल. कोवळे दोडके दोन्ही बाजूंनी तोडून झाले तरी निकाल काही लागत नाही.

पहिला प्रश्न अर्थातच जेवणाचा. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेली पोरगी, तिकडं भाजीत साखर आणि फोडणीला मोहरीचं तेल. "त्या तेलाचा वास नुसता!" वैनी नाकाला पदर लावून म्हणाल्या, जणू कढई भिंतीवरच ठेवलीय. मी म्हटलं, बीरभूमकडं बटाटा खसखशीत करतात, आलू पोश्तो म्हणतात, तो तिला आवडेल. आणि चटणीचा डबा काय आपण देणार नाही? तो विषय तिथंच मिटला. जेवणाचे विषय पहिल्या महिन्यात आपोआप मिटतात, असं माझं मत आहे.

अंतराचा मिटेना. भाऊजींनी रेल्वेचा सगळा अभ्यास करून ठेवलाय. कोल्हापुरातनं थेट तिकडच्या बाजूला जाणारी म्हणजे धनबादची दीक्षाभूमी, पण ती आठवड्यातनं एकदा, आणि धनबादला उतरून पुन्हा गाडी बदला. नाहीतर पुण्याला जाऊन आझाद हिंद पकडायची. दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस काढला की पहाटे हावडा. तिथनं बोलपूर आणखी अडीच-तीन तास. स्टेशनवरनं पुढं बॅटरीची रिक्षा, तिला तिकडं टोटो म्हणतात. "जेजेला टाकली तर रात्री महालक्ष्मीत बसली की सकाळी मुंबई," वैनी म्हणाल्या. बरोबर आहे. ताप आला तर आई एका रात्रीत पोचते, हा मुद्दा मलाही खोडता आला नाही. खोडूही नये.

पण वैनींच्या नणंदेचा मुद्दा मात्र मी खोडला. त्या म्हणाल्या, कलापूर म्हणवणारं गाव सोडून बंगालात कशाला? आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, रवींद्र मेस्त्री हे सगळे इथलेच ना? इथलेच. पण आबालालसुद्धा शिकायला मुंबईच्या जेजेत गेले होते, मग परत येऊन त्यांनी इथली तळी रंगवली. आणि बंगालचं म्हणाल तर कोल्हापूरचेच विनायक मसोजी शंभरेक वर्षांपूर्वी कलाभवनात नंदलाल बोसांच्या हाताखाली शिकले. त्या काळी ना मोबाइल, ना आझाद हिंद! कलाभवनच मुळी १९१९ सालचं. पोरगी काही नवी वाट पाडत नाहीये.

"ते खरं ओ काकू," वैनी जरा पुढं वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "पण तिथं संध्याकाळी करायचं काय?"

खरी गोम ही. जेवण, गाडी, भाषा हे सगळं या एका प्रश्नाभोवतीचं कुंपण.

त्यांचा चुलतभाऊ तिथल्या पौष मेळ्यात जाऊन आला होता. त्याचा अहवाल असा, की पाय ठेवायला जागा नाही, बाऊलांची गाणी, रात्रभर जाग, पोरगी अभ्यास कधी करणार? भाऊजींचे एक साहेब मे महिन्यात गेले होते. त्यांचा अहवाल, की ऊन असं की बारा वाजता रस्त्यावर चिटपाखरू नाही, दुकानं बंद, गाव आहे की माळ? एकाच गावाचे हे दोन अहवाल, आणि दोन्ही खरे. शनिवार-रविवार कोलकात्याची माणसं सोनाझुरीच्या हाटाला गाड्या भरून येतात. युनेस्कोनं २०२३ मध्ये शांतिनिकेतन जागतिक वारशात घातल्यापासून तर बघायलाच नको. पण मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता तिथं काय असतं, हे या पाहुण्यांना कुठनं कळणार? पोरीला राहायचंय त्या मंगळवारात.

मी वैनींना उलट विचारलं, "ती आत्ता संध्याकाळी काय करते?"

"करते कसली! पंचगंगेच्या घाटावर बसते वही घेऊन. म्हशी काढते."

"एकटी?"

"एकटीच की. मैत्रिणी कंटाळून रंकाळ्याला भेळ खायला जातात."

आता यापुढं मी काय सांगायचं? जिला घाटावर तीन तास म्हशी पुरतात, तिला तिथली खोयाईची तांबडी घळ आणि कोपाई नदी चार वर्षं पुरेल. हीच पोरगी जर रोज स्टेटसला फोटो टाकणारी, चारचौघींशिवाय पाऊल न उचलणारी असती, तर मीच म्हटलं असतं की मुंबईला घाला, बोलपूरला महिनाभरात रडकुंडीला येईल. गाव शांत आहे हा गुणही नाही आणि दोषही नाही. जाणारं माणूस कसं आहे ते आधी बघा. लोक मात्र कॉलेजची क्रमवारी विचारतात.

तिला करायचंय शिल्प. कलाभवनाच्या आवारात रामकिंकर बैजांचं संथाळ कुटुंब उभं आहे, १९३८ सालचं. संगमरवर नाही, ब्राँझ नाही, सिमेंट आणि तिथल्याच मातीतली तांबडी खडी. कामाला निघालेलं जोडपं, कावडीत पोर, बरोबर कुत्रं. पोरीनं त्याचा फोटो कपाटाच्या दाराला आतनं चिकटवलाय. वैनींना तो इस्त्रीचे कपडे ठेवताना सापडला. "देवाचा तरी लावायचा!" म्हणाल्या, पण काढला नाही.

भाषेचं मी फार मनावर घेत नाही. पु. ल. देशपांडे पन्नाशीत बंगाली शिकायला तिथं जाऊन राहिले, 'वंगचित्रे' त्यातूनच आलं. अठराव्या वर्षी तर हॉस्टेलच्या मेसमध्येच निम्मी भाषा येते. पैशाचं म्हणाल तर कलाभवन ज्या विद्यापीठाचं ते केंद्र सरकारचं, आणि मुंबईत खोलीचं भाडं भरण्यापेक्षा बोलपूर कितीतरी परवडतं. हॉस्टेल मिळणार का, हे मात्र आधी लेखी विचारून घ्या म्हटलं. गोड बोलण्यावर जाऊ नका.

"आणि नाहीच जमलं तर?"

"सत्यजित राय पण कलाभवन अर्धवट सोडून परत गेले होते, वैनी."

"म्हणजे सोडून आली तरी सिनेमा काढेल म्हणा की!" वैनी पहिल्यांदा हसल्या. मग लगेच गंभीर. "पण काकू, तिकडंच कुणी आवडला तर?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. तशी ही सोय कोल्हापुरातही आहे, एवढंच म्हटलं.

शेवटी ठरलं ते इतकंच, की पैसे भरण्याआधी एकदा बघून यायचं. मेळा नको, शनिवार-रविवार नको, साधा मंगळवार धरायचा. संध्याकाळी सहाला पोरीला कलाभवनाच्या फाटकापाशी सोडायचं, आपण लांब चहा पीत बसायचं आणि ती किती वेळानं शोधायला येते ते बघायचं. ही परीक्षा माझी. वैनींना पटली, पोरीला सांगायची नाही असंही ठरलं.

तेवढ्यात आतनं भाऊजींची हाक आली, "अगं, आझाद हिंदला जागा दिसताहेत. किती काढू? तीन?"

"चार काढा! काकू पण येत्यात!"

मी कधी हो म्हटलं होतं? पण पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांना रेल्वे खालचा बर्थ देते, ते वय घालायला विसरू नका, एवढं मी भिंतीवरनं ओरडून सांगितलं.