ठाकूरचे हात आणि ठिबकची नळी

बँकेत कॅशियर म्हणून मी चौतीस वर्षं काढली. तेवढ्या काळात डोकं फारसं वापरावं लागलं नाही, जे केलं ते हातांनीच केलं. निवृत्तीच्या दिवशी त्या हातांत शाल आणि श्रीफळ ठेवून मला निरोप दिला गेला. श्रीफळाची चटणी त्याच आठवड्यात झाली. शाल कपाटात पडून राहिली. ती माझ्या वाईटावर टपून बसली आहे, हे तेव्हा कळायला हवं होतं.

आमच्या जळगावात चंपाषष्ठी झाली, की वांग्यांना आणि माणसांना एकदमच चेव येतो. चातुर्मासभर वर्ज्य असलेली वांगी बाजारात येतात. तीही भरताची, हिरवट-पांढरी, नवजात बाळाएवढी. कोणाच्या तरी शेतात कपाशीच्या काट्यांचा जाळ करायचा, त्यात वांगी भाजायची, सोलून लाकडी भांड्यात ठेचायची, वर मिरची-लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि तेल. तेल किती, हे डॉक्टरला सांगायचं नाही. सोबत कळण्याची पुरी. अशा पार्टीत काम चार जणांना पुरेल एवढंच असतं आणि माणसं असतात चौदा. उरलेल्या दहांनी वाद घालायचा, अशी रीत आहे.

गेल्या वर्षी राजकारणावर वाद झाला आणि दोन चुलतभाऊ अजून एकमेकांच्या लग्नकार्याला जात नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी केळीच्या भावावर झाला, तेव्हा एक व्यापारी न जेवता उठला. म्हणून यंदा आमच्या घराण्यातल्या आबांनी आधीच जाहीर केलं, ‘फक्त सिनेमावर बोलायचं. सगळ्यांत मोठा नट कोण? कोणाचं काही जात नाही यात.’

आबांचं खरंच काही गेलं नाही. गेलं ते माझं.

सुरुवात आबांनीच केली. दिलीपकुमार. ‘आठ फिल्मफेअर आहेत माणसाला. विषय संपला.’

‘आठ तर शाहरुखलाही आहेत,’ माझा पुतण्या मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला. आबांनी त्याला पाणी आणायला विहिरीवर पाठवलं. आमच्याकडे मुद्दा खोडता आला नाही, की मुद्दा मांडणाऱ्याला कामाला लावतात.

मग धुळ्याचे बापू सरसावले. ‘नट म्हणजे काय फक्त मिशीवाले का? स्मिता पाटील म्हणा! आपल्या शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची लेक. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’, दोन राष्ट्रीय पुरस्कार, आणि गेली तेव्हा वय अवघं एकतीस.’ कोणीतरी दबक्या आवाजात, जन्म पुण्याचा आहे, असं म्हटलं. ‘जन्म दवाखान्यात होतो, गाव बापाचं असतं,’ असं म्हणून बापूंनी पुण्याचा निकाल लावला.

धुळं पुढं जातंय म्हटल्यावर जळगाव गप्प बसेल? एक निवृत्त मास्तर म्हणाले, ‘मग बालगंधर्व घ्या. लहानपणी गाणं शिकले ते इथे, आपल्या जळगावात. उभ्या महाराष्ट्राने ज्यांना बाईच्या वेषात पाहिलं, त्यांनी १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ महाराज उभे केले.’ तो सिनेमा आमच्यापैकी कोणीच पाहिलेला नव्हता, त्यामुळे विरोधही करता येईना. भुसावळचा एक रेल्वेतला फिटर निळू फुल्यांच्या बाजूने उतरला. ‘बायका त्यांना खरोखरच्या शिव्या घालायच्या भो. यापेक्षा मोठा पुरस्कार कोणता?’

‘काका, तुमच्या यादीत एकही माणूस जिवंत नाही,’ पाणी घेऊन आलेला पुतण्या म्हणाला. त्याला परत विहिरीवर पाठवण्यात आलं.

इथपर्यंत मी वांगी फिरवत होतो आणि सुखी होतो. पण चौतीस वर्षं काचेच्या आड बसून लोकांचं ऐकलेल्या माणसाला निवृत्तीनंतर मत फुटतं, तसं मला फुटलं.

‘संजीवकुमार,’ मी म्हणालो.

‘कसा काय?’

‘जया भादुरीचा एकाच वर्षात, १९७२ ला, ‘परिचय’मध्ये बाप आणि ‘कोशिश’मध्ये नवरा. तीन वर्षांनी ‘शोले’त सासरा. आणि शोले लागला तेव्हा वय किती? ३७! ‘नया दिन नई रात’मध्ये एकट्याने नऊ भूमिका. नऊ!’

‘दिलीपकुमार ‘कोहिनूर’साठी सतार शिकला होता,’ आबा शांतपणे म्हणाले. ‘पडद्यावर चार मिनिटं बोटं खरी दिसावीत म्हणून.’

इथे मी ते वाक्य बोललो. पुढचं सगळं त्या वाक्याने घडवलं.

‘आबा, हात वापरणं सोपं असतं. न वापरणं अवघड. ‘कोशिश’मध्ये संजीवकुमारचा आवाज काढून घेतला, त्याने राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. ‘शोले’त हात काढून घेतले, तर त्याने अख्खा ठाकूर नुसत्या मानेवर आणि डोळ्यांवर पेलला. याला म्हणतात अभिनय.’

मिनिटभर जाळातल्या काट्याच तेवढ्या तडतडत होत्या.

‘मग दाखव,’ आबा म्हणाले.

‘काय?’

‘हातांशिवाय. भरीत होईपर्यंत, एक तास. तू टिकलास तर संजीवकुमार मोठा, हे मी घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहितो. नाही टिकलास तर तू दिलीपकुमारचं लिहायचं.’

थंडी म्हणून सत्काराची शाल मी नेमकी त्याच दिवशी अंगावर घेतली होती. फिटरने बांधावरची ठिबकची जुनी नळी उचलली, माझे हात पाठीमागे नेले आणि रेल्वेचा डबा इंजिनाला जोडावा तितक्या जबाबदारीने गाठ मारली. वरून शाल. पुतण्याने व्हिडिओ सुरू केला. फिटर पात आणायला मळ्याच्या त्या टोकाला निघून गेला. गाठ मारणारा माणूस नजरेआड जाऊ देऊ नये, हे शहाणपण मला त्या दिवसापर्यंत नव्हतं.

पहिली दहा मिनिटं अप्रतिम गेली. मी बांधावर उभा राहून केळीच्या बागेकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू तिच्यामागे रामगढ आहे. मग चष्मा घसरला. ठाकूरला चष्मा नव्हता, हा मुद्दा माझ्या आधी लक्षात आला नव्हता. नाक वर करून तो सावरायला गेलो, तर नाकालाच खाज सुटली. मी अलगद जाऊन केळीच्या खोडाला नाक घासलं. ‘ठाकूर असं करत नव्हता,’ आबा म्हणाले.

विसाव्या मिनिटाला खिशातला फोन वाजला. पुतण्याने काढून स्पीकरवर धरला.

‘अहो, गॅसवाला आलाय. ओटीपी तुमच्या फोनवर गेलाय, तो सांगा.’

ओटीपी पाहायला फोन हातात हवा आणि आवाज न चढवता बोलायला भूमिकेतून बाहेर यायला हवं. मी घनगंभीर स्वरात म्हणालो, ‘आत्ता माझे हात बांधलेले आहेत.’

‘कोणाचे नाहीत?’ असं म्हणून बायकोने फोन ठेवला.

पस्तिसाव्या मिनिटाला बांधावरून एक मोटारसायकल आली आणि तिच्यावरून माझे व्याही उतरले. धुळ्याचे. आठ महिन्यांपूर्वीच माझी मुलगी त्यांच्या घरी दिलेली. मला सुखद धक्का द्यावा म्हणून बापूंनी त्यांना परस्पर बोलावलं होतं. खानदेशात व्याह्यांना रामराम घालताना हात किती वर गेले, यावर मुलीचं सासर किती सुखाचं जाईल ते ठरतं. माझे हात अजिबात वर गेले नाहीत.

व्याह्यांनी हात पुढे केला. मी मान झुकवली. त्यांनी हात तसाच धरून ठेवला. मी आणखी झुकलो. चष्मा पडला.

‘काय झालं हो यांच्या हातांना?’ त्यांनी घाबरून आबांना विचारलं.

‘झिजले,’ आबा म्हणाले. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ‘बँकेत नोटा मोजून.’

त्या क्षणी मी सगळं सांगायला हवं होतं. पण पंचवीस मिनिटं उरली होती आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर एकशे बारा माणसं होती. मी डोळ्यांत विषाद आणून दूर पाहत राहिलो. व्याह्यांनी खाली वाकून माझा चष्मा उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि माझ्या नाकावर ठेवला. वर पाठीवरून हात फिरवला. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, की ते सोंग नव्हतं.

आणि त्रेचाळिसाव्या मिनिटाला काट्या तडकल्या. एक निखारा उडाला तो थेट शालीवर. सत्काराच्या शाली कशाच्या बनवतात, हे सत्कार करणाऱ्यांनी कधी सांगितलेलं नाही. लोकरीच्या नसतात, एवढं मला आता स्वानुभवाने सांगता येईल. दंडाला चटका बसला आणि मी ओरडलो. पोटातून, जीव तोडून ओरडलो आणि जागच्या जागी उडी मारली.

टाळ्या पडल्या.

‘नाही, हे जमलं नाही,’ मास्तर म्हणाले. ‘फार भडक झालं.’

‘अरे जळतंय!’ मी किंचाळलो.

‘ओव्हरॲक्टिंग करू राहिला भो,’ पात घेऊन परतलेला फिटर म्हणाला. आबांनी तर ‘संजीवकुमार डोळ्यांनी दाखवायचा,’ अशी सूचनाही केली. मी डोळ्यांनी दाखवलं. जेवढे मोठे करता येतील तेवढे केले. पुतण्याने कॅमेरा जवळ आणला.

तेव्हा फक्त एक माणूस जागेवरून उठला. ‘अरे, जळी राह्यना तो!’ असं म्हणत व्याह्यांनी मठ्ठ्याची अख्खी घागर माझ्यावर उपडी केली.

नळीची गाठ फिटरलाच सुटेना, शेवटी विळ्याने कापावी लागली. दंडावर रुपयाएवढा फोड, शालीला त्याच्या चौपट भोक आणि मिशीत कोथिंबीर, अशा अवस्थेत मी जाळाजवळ बसलो. व्याह्यांना सगळा प्रकार समजावून सांगितला. शोले, ठाकूर, शाल, पैज.

‘मी शोले देखेलच नही,’ ते म्हणाले.

चौदा माणसांत शोले न पाहिलेला तो एकटा. आणि मी जळतोय हे कळलेलाही तोच एकटा. आम्ही बाकीचे इतके सिनेमे पाहून बसलो होतो, की समोरचा माणूस भाजतानाही त्याला गुण देत होतो. हात तर संजीवकुमारलाही होते, शालीखाली. पण त्याचे खोटे तुटलेले हात अख्ख्या देशाने खरे मानले आणि माझी खरी बोंब माझ्या जिवाभावाच्या मित्रांना खोटी वाटली. म्हणजे मोठा नट कोण, हे मी सिद्धच केलं होतं. मी तसं आबांना सांगूनही पाहिलं. अवघड आहे हे दाखवायचं होतं, मी हरलो म्हणजे ते अवघड आहे, म्हणजे मी जिंकलो. आबा म्हणाले, ‘ग्रुपवर लिही.’

हातांना मुंग्या आल्या होत्या, पुरीचा तुकडा मोडेना. व्याह्यांनी भरताचा घास करून माझ्या तोंडात घातला. खोटं सांगत नाही, तितकं चांगलं भरीत मी आयुष्यात खाल्लेलं नाही.

ग्रुपवर दिलीपकुमारचं लिहिलं. त्याखाली पुतण्याने व्हिडिओ टाकला. घरी पोहोचलो तेव्हा तो एकशे अकरा जणांनी पाहिला होता. एकशे बारावी दारात उभी होती. तिने शालीच्या भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘सुटले का हात?’

‘सुटले.’

‘मग गोदामातून सिलेंडर आणा. गॅसवाला परत गेला.’